सासऱ्याचं ग्रीस, जावयाचं फडकं

माझे वडील आणि माझा नवरा एकाच बंदुकीवर नोकरी करायचे. उजाडल्यापासून दुपारपर्यंत ती बाबांकडे असायची, दुपारपासून अंधार पडेपर्यंत नवऱ्याकडे. काम धावपट्टीवरचे पक्षी उडवण्याचं. आमचा विमानतळ लहान आहे. प्रवासी विमानं मोजकीच, एक टपालाचं, आणि बाकी वेळ शिकाऊ वैमानिक आपापली चिमुकली विमानं घेऊन डोक्यावर घोंघावत असतात. पण विमान लहान की मोठं याच्याशी पक्ष्यांना काही देणंघेणं नसतं. ते गवतातले किडे खायला येतात आणि जेवण झाल्यावर धावपट्टीवर येऊन बसतात, कारण ती गरम असते. त्यातला एखादा इंजिनात शिरला की त्याचं जे व्हायचं ते होतंच, विमानाचंही काही बरं होत नाही.

बंदूक पंपाची होती. म्हणजे नळीखालची मूठ मागे ओढली की वाजलेलं काडतूस बाहेर पडतं, पुढे ढकलली की नवीन आत जातं. मागे-पुढे, खटक-खटक. काडतुसांत छर्रे नसायचे, नुसता आवाज आणि धूर. कुणाला मारायचं नव्हतं, फक्त बैठक मोडायची होती.

मी त्याच विमानतळाच्या मनोऱ्यात काम करते. वैमानिकांशी रेडिओवर बोलते. उतरा, थांबा, वळा असं सांगते आणि ते ऐकतात. बाप आणि नवरा दिवसभर काय करतात हे मला काचेतून, दुर्बिणीतून दिसतं. एवढी सोय फार कमी बायकांच्या वाट्याला येते.

बाबांचा उभा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला. निवृत्तीनंतर घरी बसवेना, म्हणून ही नोकरी धरली. जगातला कुठलाही बिघाड ग्रीस कमी पडल्यामुळे होतो, असं त्यांचं पक्कं मत. आमच्या घरातली दारं हात लावायच्या आधीच उघडतात. एकदा त्यांनी माझ्या चष्म्याच्या काड्यांना ग्रीस लावलं होतं. त्यानंतर तो चष्मा नाकावर थांबेना.

नवरा घड्याळजी. जुने मित्र अजूनही त्याला घड्याळ्या म्हणतात. लोक फोनमध्ये वेळ बघायला लागले तसं त्याचं दुकान हळूहळू थांबलं, मग बाबांनी विमानतळावर शब्द टाकला आणि त्याला दुपारची पाळी मिळाली. त्याचं मत बाबांच्या बरोबर उलट. तेल म्हणजे धुळीला दिलेलं आमंत्रण. यंत्र कोरडं ठणठणीत असावं, फार तर सुईच्या टोकावर मावेल एवढा थेंब, आणि जिथे घासतं तिथे पेन्सिलीच्या शिशाची चिमूटभर पूड.

एरवी ही दोन मतं एका घरात सुखाने नांदली असती, कारण भांडण झालं असतं आणि मिटलंही असतं. पण ते दोघे सासरे-जावई. बाबा त्याला ‘जावईबापू’ म्हणत, अहो-जाहो करत. तो त्यांना ‘मामा’ म्हणे आणि ते खोलीत आले की पेपरसुद्धा घडी घालून ठेवे. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण दोघांच्या तोंडून एकमेकांसाठी वाकडा शब्द निघाला नव्हता. सरळ शब्दही फारसे निघाले नव्हते.

मनोऱ्याच्या जिन्याखाली एक खोली आहे. त्यात एक लोखंडी कपाट, एक टेबल आणि एक खिडकी, जिच्यातून फक्त आगीच्या बंबाचं मागचं चाक दिसतं. दुपारी तिथे बंदूक एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जायची. बाबा मूठ मागे ओढून आतलं दाखवायचे आणि म्हणायचे, “रिकामी.” नवरा वाकून बघायचा, बोट घालून चाचपायचा आणि म्हणायचा, “रिकामी.” मग बाबा म्हणायचे, “येतो.” तो म्हणायचा, “या.” झाला संवाद.

त्या संवादाच्या अलीकडे-पलीकडे काय चालायचं ते असं. सकाळी बाबा कपाट उघडायचे, बंदूक हातात घ्यायचे आणि त्यांना ती कोरडी ठणठणीत दिसायची. मग ते डब्यातून बोटभर ग्रीस काढून आत-बाहेर चोपडायचे. दुपारी नवऱ्याच्या हातात ती आली की ती हातातून निसटायला बघायची. बाबा फाटकाबाहेर पडेपर्यंत तो थांबायचा, मग रॉकेलचं फडकं घेऊन सगळं पुसून काढायचा आणि वरून शिशाची पूड टाकायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बाबा. रविवार सोडून रोज.

बाबा आमच्याच वरच्या मजल्यावर राहतात, सकाळचा चहा खाली घेतात. चहा घेताना म्हणायचे, “जावईबापू माणूस सोन्यासारखा. शंकाच नाही. पण बंदुकीकडे ढुंकून बघत नाहीत गं. जिवंत वस्तू आहे ती. तिला काही लागतं की नाही?”

रात्रीच्या जेवणाला नवरा म्हणायचा, “मामांबद्दल मला आदरच आहे. पण पुसायचं असतं हे त्यांना माहीत नसावं. त्या बंदुकीवर माशी बसली तर उडणार नाही.”

“मग सांग ना त्यांना.”

“मी? मामांना?” घास तसाच हातात धरून तो माझ्याकडे बघायचा, जणू मी त्याला धावपट्टीवर आडवं पडायला सांगितलं होतं.

बाबांना म्हटलं, तुम्हीच बोला. ते म्हणाले, “जावयाला शिकवायचं नसतं. त्यांना वाईट वाटेल.” मी बोलू का, असं विचारलं तर दोघांनीही मला वेगवेगळी शपथ घातली. तेव्हा मी मूग गिळून बसले आणि दोन्हीकडचं ऐकत राहिले. मला वाटलं, एकाचं जास्त, एकाचं कमी, सरासरी बरी येत असेल.

बंदूक अडकायला लागली. आधी कधीतरी, मग आठवड्यातून, मग जवळजवळ रोज. कधी मूठ अर्ध्यात थांबायची, कधी चाप ओढला की नुसतं ‘टिक्’ व्हायचं. बाबांचं निदान तयार होतं: जावईबापू मूठ अर्धवट ओढतात, घड्याळाची किल्ली दिल्यासारखी, म्हणून आतली वस्तू बिघडते. नवऱ्याचं निदान तयार होतं: मामांच्या हातात आता जोर राहिलेला नाही, ते अर्धवट ओढतात. पंपाची बंदूक अर्धवट ओढली की अडकते, हे दोघांनाही कुठूनतरी कळलं होतं, आणि ते ज्ञान दोघांनीही फक्त मलाच दिलं.

मग तो दिवस आला. धावपट्टीच्या कडेचं गवत नुकतंच कापलं होतं, किडे उघड्यावर पडले होते, आणि टिटव्यांचा मोठा थवा मेजवानीला उतरला होता. प्रवासी विमान उशिरा येत होतं, नेमकं पाळी बदलायच्या वेळेला. म्हणून धावपट्टीवर फिरायच्या गाडीत दोघेही होते. नवरा गाडी चालवत होता, बाबा बंदूक घेऊन शेजारी. पहिला बार झाला. टिटव्या उडाल्या आणि जरा पुढे जाऊन पुन्हा बसल्या, हे नेहमीचंच. बाबांनी मूठ ओढली. ती निम्म्यावर आली आणि थांबली.

पुढचं मी वरून बघितलं. ऐकलं नाही, पण नंतर दोघांकडून वेगवेगळं कळलं आणि जुळलं.

बाबा म्हणाले, “जावईबापू, जरा बघता का?”

“नाही नाही मामा, तुम्हीच ओढा.”

“तुमची बोटं बारीक आहेत.”

“पण तुमचा अनुभव.”

मला दिसत होतं ते एवढंच, की नळी खिडकीबाहेर जमिनीकडे वळवून एक बंदूक या बाजूकडून त्या बाजूला जातेय आणि परत येतेय. विमान समोर दिसायला लागलं होतं.

“मनोरा, धावपट्टीवर पक्षी दिसतायत,” वैमानिक म्हणाला.

“हो. उतरू नका, वर जा आणि एक फेरी मारून या.”

“फेरी मारतो.” इंजिनांचा आवाज वाढला, विमान आमच्या डोक्यावरून गेलं, काच थरथरली. मग वैमानिकाने विचारलं, “खाली गाडीत ती दोन माणसं काय करतायत?”

खरं उत्तर असं होतं की ती एकमेकांना मान देतायत. पण रेडिओवरचं सगळं ध्वनिमुद्रित होतं, म्हणून मी म्हटलं, “काम चालू आहे.”

शेवटी बाबांनी बंदूक नळी बाहेर ठेवून मागच्या सीटवर आडवी केली, आपलं पिवळं जाकीट काढलं, आणि ते हवेत फिरवत थव्याच्या अंगावर धावत सुटले. मागून नवरा हॉर्न वाजवत सावकाश गाडी चालवत होता, सासऱ्यांना ओव्हरटेक होणार नाही अशा बेताने. टिटव्या उडाल्या. त्या दृश्यापुढे कोणीही उडालं असतं. विमान दुसऱ्या फेरीत नीट उतरलं. प्रवाशांतल्या काहींनी खिडकीतून फोटो काढले होते, असं मागाहून कळलं.

आमच्या विमानतळाच्या मॅनेजरना सगळे मोठ्या बाई म्हणतात. त्यांनी दोघांना बोलावलं आणि मलाही.

“बंदूक कोणामुळे अडकली?”

“चूक माझी,” बाबा म्हणाले.

“नाही बाई, माझी,” नवरा म्हणाला.

“जावईबापू उगाच अंगावर घेतायत.”

“मामा मला सांभाळून घेतायत.”

मोठ्या बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “दोघांनी कबूल केल्यावर चूक कोणाची हे मला कसं कळणार?” असं म्हणून त्यांनी बंदूक दुरुस्तीला न्यायला सांगितलं, आणि मला म्हणाल्या, “तुम्ही सोबत जा. हे दोघे दारातच ‘आधी तुम्ही, आधी तुम्ही’ करत उभे राहतील.”

बंदुका दुरुस्त करणारी बाई बाजाराच्या मागच्या गल्लीत बसते. दुकान एवढं अरुंद की आम्ही तिघे एकामागे एक उभे राहिलो, बसस्टॉपवर लागते तशी रांग. ती शब्दकोडं सोडवत होती. तिने ते पूर्ण केलं, मग बंदूक रिकामी आहे ना ते स्वतः बघितलं आणि आम्हाला न विचारता ती उघडायला लागली. एकेक भाग टेबलावरच्या पांढऱ्या कपड्यावर येत गेला, आणि कपडा पांढरा राहिला नाही. आतून काळा, घट्ट, चकाकणारा लगदा निघाला. स्प्रिंगवर तो जाड थराने बसला होता. काडतुसावर आपटून बार उडवणारी पिन त्यात रुतलेली होती.

“ह्यात स्वयंपाक कोणी केलाय?” ती म्हणाली.

तिने थोडा लगदा बोटावर घेतला.

“ग्रीस आहे. काडतुसाची काजळी आहे, ती असायचीच. आणि हे…” तिने बोटांत चोळून वास घेतला. “शिसपेन्सिल? ग्रीसमध्ये शिसपेन्सिल कोण टाकतं?”

“ग्रीसमध्ये नाही टाकली,” नवरा घाईने म्हणाला. “मी आधी ग्रीस पुसतो, मग टाकतो.”

“वरचं पुसलं असेल. आतलं तसंच राहिलं. मग ह्यांनी त्यावर पुन्हा भरलं. एक जण कढई घासतोय, दुसरा फोडणी देतोय. मधल्यामध्ये बंदूक मेली.” मग तिने पेटीतून दुसरी रिकामी बंदूक काढून दोघांना मूठ ओढून दाखवायला लावली. दोघांनीही ती शेवटपर्यंत, ठणकावून ओढली, जशी ओढायला हवी तशी. “ओढता चांगली,” ती म्हणाली. “तेवढंच करायचं होतं.”

बाबा बंदुकीकडे बघत नव्हतेच. ते रांगेत मागे वळले होते. “म्हणजे,” ते म्हणाले, “रोज मी लावायचो आणि रोज तू पुसायचास?”

‘तू’ हा शब्द आमच्या घरात त्या दिशेने कधी गेलेला नव्हता.

“आणि तुम्ही रोज परत लावायचात,” नवरा म्हणाला. “मला वाटायचं तुम्हाला पुसायचं माहीत नाही.”

“मला वाटायचं तुला लावायचं माहीत नाही.”

“भांडण बाहेर,” बाई म्हणाली. “आणि कामाचं ऐकून जा. बंदुकीला भूक नसते. बार काढलेत की झाडा, पुसा. मग तेल लावा, पातळ, आणि लावलेलंही पुसून टाका. बोट फिरवलं तर बोटाला कळलं पाहिजे, डोळ्याला दिसता कामा नये. पिनच्या भोकात काही घालायचं नाही. आणि हे एकाच माणसाने करायचं.”

परतताना गाडी मी चालवली. नवरा पुढे, बाबा मागे, बंदूक डिकीत. बाबांच्या जिव्हारी काय लागलं होतं ते मला कळत होतं. विमान परत फिरवावं लागलं त्याचं दुःख होतंच, पण आपलं रोजचं काम कोणीतरी रोज पुसून टाकत होतं, तेही आदराने, ते फार खोल गेलं होतं. नवऱ्याचं तेच. घरी आल्यावर तो खुर्चीत बसून म्हणाला, “मामा मला ‘तू’ म्हणाले.”

“रागात म्हणाले.”

“हो. पण म्हणाले.” यात आनंद मानावा की दुःख, हे त्याचं ठरत नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून बाबा चहाला खाली येईनात. जिन्यात भेटले की ‘जावईबापू’ पुन्हा सुरू झालं, आधीपेक्षा कडक. “जावईबापू, आपण आधी चलावं.” “नाही मामा, आपण.” आपण! आमच्याकडे ‘आपण’ आलं म्हणजे प्रकरण हाताबाहेर गेलं असं समजावं. मी वर चहा नेऊन ठेवायचे, तो गार होऊन परत यायचा. दोन्ही बाजूंनी मला कोणी काही सांगेना, आणि खरं सांगायचं तर त्याची मला चुटपुट लागली.

बंदूक दुरुस्त होऊन आली. मोठ्या बाईंनी विचारलं, आता देखभाल कोण करणार?

“जावईबापूंना जास्त समजतं,” बाबा म्हणाले.

“मामांसारखी नजर कोणाची नाही,” नवरा म्हणाला.

मोठ्या बाईंनी डोळे मिटले, उघडले आणि माझ्याकडे बघितलं. “तुम्ही करा.”

“मला बंदुकीतलं ओ की ठो कळत नाही.”

“म्हणूनच.”

एका सुट्टीच्या दिवशी मी त्या अरुंद दुकानात जाऊन बसले. बाईने मला बंदूक उघडायला शिकवलं, जोडायला शिकवलं, आणि मध्येमध्ये शब्दकोड्यातले शब्द विचारले. लहानपणी बाबांनी मला पान्याला हात लावू दिला नव्हता. बोटं चेमटतील म्हणायचे. आता एकेक तुकडा हातात घेताना, तो दुसऱ्यात कसा बसतो ते बघताना, मला फार बरं वाटलं. ते मी घरी कोणाला सांगितलं नाही.

मग रोज पाळी बदलताना, मनोऱ्यातली जागा सहकाऱ्याकडे सोपवून, मी खाली जिन्याखालच्या खोलीत जाऊ लागले. पहिल्या दिवशी एका बाजूला बाबा उभे राहिले, दुसऱ्या बाजूला नवरा. एकमेकांकडे बघत नव्हते. माझ्या हाताकडे बघत होते. मी नळीत ब्रश फिरवला, पुसलं, तेलाचे दोन थेंब फडक्यावर घेतले, लावलं, आणि लावलेलं पुसलं.

“एवढंच?” बाबा म्हणाले.

“एवढं?” नवरा म्हणाला.

आणि मग, दुकानातल्या त्या दिवसानंतर पहिल्यांदा, त्यांनी एकमेकांकडे बघितलं.

“ब्रश कसा धरलाय बघितलंत?” बाबा म्हणाले.

“दात घासल्यासारखा,” नवरा म्हणाला.

“आणि स्प्रिंग टेबलावर तशीच ठेवली. घरंगळली तर?”

“घड्याळाच्या दुकानात असं केलं असतं तर गिऱ्हाईक पळालं असतं, मामा.”

मला चांगलाच राग आला. दोघांनी मिळून एक विमान आल्या पावली परत पाठवलं होतं आणि आता मला ब्रश धरायला शिकवत होते. पण राग गिळला तर काय काय दिसतं ते मला बघायचं होतं. पुढच्या दिवशी दोघे वेळेआधीच येऊन थांबले. त्याच्या पुढच्या दिवशी, मी खाली उतरायच्या आधी, आतून बोलण्याचा आवाज येत होता. विषय मी होते. माझं पुसणं घाईचं असतं, यावर त्यांचं एकमत झालं होतं. माझं तेल जास्त की कमी, यावर मतभेद होते, आणि ते उघडपणे, हातवारे करून चालले होते. कोणी कोणाला मान देत नव्हतं.

रविवारी बाबा चहाला खाली आले. कप हातात घेऊन नवऱ्याला म्हणाले, “अरे, हिला सांग जरा. पिनच्या बाजूला फडकं नीट फिरवत नाही.”

“कालच सांगितलं, मामा. ऐकत नाही.”

मी दोघांना आणखी चहा दिला.

काही दिवसांनी बाबांनी खोलीत एक गठ्ठा आणून ठेवला. त्यांच्या लिफ्टच्या दिवसांतला खाकी शर्ट कापून केलेली फडकी होती, चारी बाजूंनी बारीक टाके घातलेली, दोरे सुटून बंदुकीत जाऊ नयेत म्हणून. शिलाई नवऱ्याची होती. एवढा बारीक टाका घरात दुसऱ्या कोणाला जमत नाही. मी फडकी वापरली. चांगली होती.

उन्हाळ्याच्या शेवटी दुकानातली बाई तपासणीला आली. तिने विमानतळाच्या टोकाला उभं राहून आख्खी पेटी काडतुसं वाजवली, सावकाश, मग भराभर, मग आडवी धरून, मग उलटी धरून. बंदूक एकदाही अडली नाही. बाईने आत बोट फिरवलं, बोटाकडे बघितलं, काही दिसलं नाही, आणि मान डोलावली.

“नशीब,” बाबा म्हणाले.

“हवाही कोरडी आहे,” नवरा म्हणाला.

त्यानंतर मुख्य कार्यालयाने, विमान परत फिरवल्याच्या प्रकरणाची उशिराने दखल घेऊन, आणखी एक बंदूक पाठवली. नवी कोरी, लांब खोक्यात. मोठ्या बाई म्हणाल्या, आता दोघांना दोन झाल्या, वाटून घ्या, कोणाचा कोणाला त्रास नको. आम्ही तिघे जिन्याखालच्या खोलीत खोकं उघडायला जमलो. आतली बंदूक कारखान्यातून निघताना गंजू नये म्हणून नखशिखान्त जाड, पिवळट ग्रीसने माखलेली होती.

बाबांचा चेहरा उजळला. “बघ! बनवणाऱ्यानेच एवढं लावलंय. त्याला काही कळत नसेल?”

“मामा, ते पाठवण्यापुरतं असतं. वापरायच्या आधी सगळं काढायचं असतं.”

“सगळं? अरे, अंगावरची कातडी काढशील का?”

“तुम्ही कागद वाचा. खोक्यात कागद आहे.”

“कागद लिहिणारा बंदूक बनवत नाही.”

माझी मनोऱ्यातली वेळ झाली होती. मी वर गेले, दोन शिकाऊ विमानं उतरवली, टपालाचं सोडलं. जुनी बंदूक घेऊन नवरा मध्येच धावपट्टीवर चक्कर मारून आला, एक बार काढला, बगळे उठवले आणि घाईने परत खोलीत गेला, वाद अर्धवट राहिला होता म्हणून. संध्याकाळी मी काम संपवून खाली उतरले तेव्हा दोघे टेबलाशी समोरासमोर बसले होते, मधे नवी बंदूक, जशीच्या तशी माखलेली, आणि बाबा टेबलावर हात आपटत होते. त्यांची पाळी दुपारीच संपली होती. मी दोन्ही बंदुका कपाटात ठेवल्या, कुलूप लावलं आणि म्हटलं, मी घरी चालले, उद्या मी स्वच्छ करेन.

“किती तेल लावणार?” दोघांनी एकदम विचारलं.

मी पर्स उचलली आणि निघाले. फाटकापाशी मागे वळून बघितलं तर दोघे रस्त्याने चालत येत होते, बोलत बोलत, माझ्या बरंच मागे, आणि नवऱ्याची गाडी तिथेच मनोऱ्यापाशी विसरले होते.